वरच्या आळीतल्या सभासदांनो, योजना खालून सुरू करू या

वरच्या आळीतील सर्व सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

सेप्टिक टँकवर विसंबून राहणे थांबवून सामायिक सांडपाणी प्रक्रियेची योजना घ्यायची की नाही, यावर आपल्या सोसायटीच्या येत्या विशेष सर्वसाधारण सभेत मतदान आहे. गेल्या सभेत आपल्यापैकी तिघा-चौघांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आमची टाकी नीट चालते, तुंबत नाही, वास मारत नाही, मग आम्ही वर्गणी का भरायची? मी उत्तर द्यायला उठलो तोवर वेळ संपली आणि विषय पुढे गेला. ते उत्तर आज लिहून देतो. मीही वरच्याच आळीत राहतो. जे लिहितो आहे ते आधी माझ्या घराला लागू आहे, मग तुमच्या.

माझी टाकी नीट चालते असे मी जवळजवळ तीस वर्षे समजत होतो. संडास तुंबत नाही एवढे पाहिले की माझे काम संपत होते. गेल्या मार्चमध्ये खालच्या पाड्यातल्या एका काकूंनी मला वाटेत थांबवले आणि विचारले, "भाऊ, तुमच्याकडचं पाणी आमच्या ओट्याखाली येतं, ते ठाऊक आहे का तुम्हाला?" मी म्हणालो, आमच्याकडे शोषखड्डा आहे, पाणी जमिनीत जिरते. त्या वाद घालत बसल्या नाहीत. मला घरापाशी नेले आणि ओट्यालगतच्या गटारावर टाकलेली फळी उचलली. खाली चार बोटे काळे पाणी होते. शेजारच्या जोत्याच्या दगडांमधूनही पाणी पाझरत होते आणि त्या सांध्यांवर काळी बुळबुळीत साय धरली होती. उन्हाळा लागलेला, डोंगर कोरडा ठणठणीत. वरच्या बाजूला आपल्या घरांखेरीज पाण्याचा दुसरा उगम नाही.

दोन दिवसांनी एका जुन्या जाणत्या प्लंबरला बोलावून मी टाकीचे झाकण काढले. घराच्या नकाशात टाकीपुढे शोषखड्डा दाखवला आहे. जागेवर शोषखड्डा नाहीच. एक चार इंची पाइप आहे, तो गुलमोहराच्या मुळांखालून जातो आणि थेट पावसाळी गटाराला मिळतो. खात्री करायची म्हणून पाड्यातल्या लोकांना आधी सांगून रात्री दहा वाजता मी संडासात फ्लोरेसिन हा हिरवा रंग टाकला आणि तीन-चार वेळा फ्लश केले. सकाळी आठला खाली गेलो तर काकूंच्या ओट्यालगतचे गटार हिरवे झाले होते. एक लहान मुलगा ते पाहून आईला ओरडून सांगत होता, होळीचा रंग आला म्हणून. मी तिथे उभा होतो आणि ते पाणी माझ्या घरचे होते.

त्यानंतर पाच शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्याही टाक्या पाहिल्या. दोघांच्या पाइपाची वाट माझ्यासारखीच निघाली. तिघांकडे शोषखड्डा खरोखर आहे, पण त्यांचेही पाणी खालीच जाते, फक्त उशिरा जाते. आपला ठाण्यातला येऊरचा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. वर हात-दीड हात माती आणि मुरूम, खाली कातळ. शोषखड्ड्यातले पाणी कातळापर्यंत उतरते, पुढे वाट मिळत नाही म्हणून कातळाच्या पाठीवरून आडवे सरकते आणि जिथे डोंगर कापून सपाटी केली आहे तिथे बाहेर येते. ती सपाटी म्हणजे पाडा. आपण इथे यायच्या कितीतरी आधीपासून ती घरे तिथे आहेत.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी गाळून गेलेले असते, तेव्हा त्यात वाईट काय, असेही सभेत विचारले गेले. सेप्टिक टँक काय करते ते एकदा नीट समजून घेऊ. मैला टाकीत येतो, जड भाग तळाशी बसतो, तेलकट हलका भाग वर साय होऊन तरंगतो आणि मधले पाणी पुढच्या कप्प्यातून बाहेर पडते. तळाचा गाळ हवेशिवाय हळूहळू कुजतो. टाकीचे काम एवढेच. बाहेर पडणारे पाणी दिसायला मैल्यापेक्षा बरे असते, पण त्यातले जंतू जिवंत असतात. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याचे माप, लिटरमागे साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम असतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांमधल्या प्रक्रिया केंद्रांसाठी हीच मर्यादा २० आहे. उरलेले काम शोषखड्ड्याभोवतीच्या कोरड्या मातीने करायचे असते. आपल्याकडे माती हातभर, आणि ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर ती माती पाण्याने भरलेली असते. भरलेल्या घड्यात आणखी पाणी कुठे मावणार?

शिवाय टाकी हे काम तरी करते का, तर गाळ वेळेवर काढला तरच. दर दोन-तीन वर्षांनी उपसा व्हायला हवा. मी एका लांब काठीला जुना पांढरा पंचा गुंडाळून टाकीत तळापर्यंत उभी धरली आणि दहा मिनिटांनी वर काढली. पंच्यावर गाळाची खूण अर्ध्याहून वर आली होती. शेवटचा उपसा कधी केला ते घरात कुणाला आठवेना. ही काठी प्रत्येकाने आपापल्या टाकीत घालून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे. काठी वरूनच घालायची, टाकीत वाकायचे नाही, जवळ काडी पेटवायची नाही.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर बोललो नाही. पंधरा वर्षांहून जास्त काळ झाला असेल, गणपतीच्या तोंडावर माझी टाकी भरली. मैला उपसणारी गाडी मिळेना. कुणीतरी एक माणूस आणून दिला. तो कमरेला दोर बांधून बादली घेऊन टाकीत उतरला आणि मी वरून बॅटरी धरली. पाऊण तासाने तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते आणि त्याला उभे राहवत नव्हते. मी त्याला चहा दिला, ठरलेल्या पैशांवर शंभर रुपये जास्त दिले आणि मनात म्हटले, काम झाले. तो वाचला हा निव्वळ योगायोग. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. त्यामुळे माणसाला धोका कळत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही आत राहतो. २०१९ च्या मे महिन्यात आपल्याच ठाण्यात, ढोकाळीत, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत तीन कामगार असेच गेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्ये एका खासगी प्रक्रिया केंद्रात चौघे गेले. हाताने मैला उचलण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा ठरवले आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. शिक्षेची भीती घालायला हे लिहीत नाही. त्या माणसाचे नावही मी विचारले नव्हते.

वरच्या दोन्ही दुर्घटना साध्या सेप्टिक टँकमध्ये झालेल्या नाहीत, सोसायटीच्या नव्या प्रकारच्या केंद्रांमध्ये झाल्या, हे ध्यानात घ्या. म्हणजे केंद्र बांधले की माणूस टाकीत उतरायचा थांबतो, असे नाही. कोणतीही टाकी वरून, यंत्राने साफ करता येईल अशीच बांधली पाहिजे, झाकणे गाडीच्या नळीला पोहोचतील अशा जागी हवीत आणि हे निविदेत लिहिलेले हवे.

आता योजनेकडे वळतो.

पाड्याची १७ आणि आपली ४१ अशी ५८ घरे, माणसे धरा अडीचशे. केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेप्रमाणे माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरतात. म्हणजे दिवसाला २७ हजार लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरचे जवळजवळ तीन फेरे. रोज, वर्षभर, आपल्या पायाखालून खाली उतरतात. ते सगळे सारख्या गतीने येत नाहीत. सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात सरासरीच्या तिप्पट वेग धरावा लागतो. पाइप आणि पहिली टाकी त्या वेळेसाठी आखायची असतात.

पण आकडेमोडीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पावसाच्या पाण्याची. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गच्चीचे पन्हाळे जवळच्या चेंबरमध्ये सोडले आहेत. शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. असा दिवस ठाण्यात दर पावसाळ्यात येतो. तीन गच्च्यांचे पाणी सांडपाण्याच्या लाइनीत शिरले तर अख्ख्या वस्तीच्या दिवसभराच्या सांडपाण्याहून ते जास्त भरते. मग केंद्र कितीही चांगले असो, जुलैत सगळे तसेच वाहून नाल्यात जाईल आणि तिथून घोडबंदर रस्त्याखालून खाडीत. म्हणून योजनेतले पहिले काम पन्हाळे वेगळे करण्याचे आहे. त्याला ना महापालिकेची परवानगी लागते ना मोठा खर्च. प्लंबरचे दीड दिवसाचे काम. हे आपण मतदानाची वाट न पाहता करू शकतो.

सांडपाणी न्यायचे कुठे, याचे तीन पर्याय सभेत आले होते. पहिला, महापालिकेच्या भुयारी गटाराला जोडणे. तो मिळत असेल तर सर्वांत बरा, कारण वीस वर्षे यंत्र सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. पण मुख्य वाहिनी अजून आपल्या रस्त्यापर्यंत आलेली नाही. ती कधी येणार आणि जवळच्या मॅनहोलच्या तळाची पातळी किती असेल, हे दोन प्रश्न आपण महापालिकेच्या मलनिःसारण विभागाला लेखी विचारू. उत्तर काहीही आले तरी आपली शेवटची चेंबर अशा जागी आणि अशा खोलीवर बांधू की मुख्य वाहिनी आली त्या दिवशी एक पाइप टाकून जोडता येईल. तसे केले नाही तर दहा वर्षांनी तोच रस्ता पुन्हा फोडावा लागेल.

दुसरा पर्याय तयार डब्यासारखे मिळणारे यंत्र. एमबीबीआर या नावाने त्याचे दरपत्रक आपल्या समितीकडे आले आहे. त्यात ब्लोअरने सतत हवा सोडून जिवाणू वाढवतात, जागा कमी लागते. पण ब्लोअर चोवीस तास चालतो, वीज बरेच तास गेली की जिवाणू गुदमरतात आणि वास सुटतो, आणि रोज लक्ष देणारा जाणकार माणूस लागतो. बड्या संकुलाला ते झेपते. ५८ घरांच्या वस्तीत तो माणूस सहा महिन्यांनी सोडून जातो, पगार वाचवायला वॉचमनला बटण दाखवून ठेवतात आणि वर्षाभरात ब्लोअर वासाच्या नाहीतर आवाजाच्या तक्रारीवरून बंद होतो. माझ्या नात्यातल्या एका सोसायटीत मी हे स्वतः पाहिले आहे. केंद्र कागदावर चालू, पाणी नाल्यात.

तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने मी आहे आणि त्याबद्दल सभेत फार कमी बोलले गेले. आपल्या टाक्या मोडायच्या नाहीत. ज्या पक्क्या आहेत त्या पहिल्या कप्प्यासारख्या वापरायच्या. गाळ तिथेच राहील, बाहेर फक्त निवळलेले पाणी जाईल. घन मैला वाहायचा नसल्याने पाइप लहान चालतो आणि ढाळ थोडा कमी पडला तरी निभते. तो तर आपल्याकडे भरपूर आहे, वरच्या फाटकापासून पाड्यापर्यंत बारा-एक मीटरचा उतार. गवंड्याच्या लेव्हल पाइपनेही तो मोजता येईल, पण नीट सर्वेक्षण करून घेऊ. पुढे हे पाणी जमिनीखालच्या एकामागून एक कप्प्यांच्या टाकीतून जाईल. तिथे ते प्रत्येक कप्प्यात खालून वर चढते आणि तळाशी वाढलेले जिवाणू त्यातली घाण खातात. या टाकीला वीज लागत नाही. शेवटी खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते, वर उघडे दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत आणि वास येत नाही. आपल्या नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने अशाच धर्तीवर फायटोरिड ही पद्धत विकसित केली आहे. हरित लवादाने २०१९ मध्ये महानगरांसाठी बीओडीची मर्यादा आणखी खाली, दहापर्यंत आणायला सांगितले. तिथवर जायचे तर वाफ्यानंतर वाळूची गाळणी जोडावी लागेल. जंतूंसाठी क्लोरीनही लागेल, आणि तेवढा खर्च आतापासून धरू या.

या पर्यायाची अडचण जागेची आहे. वाफ्याला माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. आधीची टाकी नीट आखली तर एका मीटरच्या आसपास भागू शकेल. अडीचशे चौरस मीटर म्हणजे बॅडमिंटनची तीन कोर्टे. आणि इथेच मला वरच्या आळीशी सर्वांत स्पष्ट बोलायचे आहे.

समितीच्या कच्च्या आराखड्यात केंद्राची जागा पाड्याच्या कडेच्या पट्टीवर दाखवली आहे. कारण लिहिले आहे: जागा मोकळी आहे आणि उताराच्या शेवटी आहे. मोकळी म्हणजे काय? तिथे पाड्यातल्या बायका कपडे वाळत घालतात, मुले खेळतात, पावसाळ्याआधी सरपण रचतात. उताराच्या शेवटी जागा आहे हे खरे, म्हणूनच तीस वर्षे आपले पाणी त्यांच्या दारात गेले. आता प्रक्रियेचे केंद्रही त्यांच्याच दारात आणि त्याचा निर्णय आपल्या सभेत, जिथे त्यांना मत नाही. मला हे पटत नाही आणि असा ठराव आला तर मी विरोधात मत देईन, योजना कितीही हवी असली तरी.

आपल्या खालच्या फाटकाजवळ बॅडमिंटनचे मैदान आहे. ते जवळजवळ तीन कोर्टांएवढेच आहे. केंद्र तिथे करू. कप्प्यांची टाकी जमिनीखाली, वर वाफा. सोसायटीच्या आराखड्यात ती मोकळी राखीव जागा आहे, त्यामुळे महापालिकेला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही. परवानगीचा अर्ज आधी करू. माझी नातवंडे त्या मैदानात खेळतात, मला त्याची हळहळ आहे. पाड्यातली शेवटची सहा घरे मैदानापेक्षा खाली आहेत, त्यांचे पाणी वर उचलायला छोटा पंप लागेल. पंप बिघडला की पहिला त्रास त्याच सहा घरांना होणार. म्हणून तिथे दोन पंप, एक बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होणारा, आणि वीज गेली तर बॅकअप. हा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून, त्या सहा घरांच्या माथी नाही.

पाड्यातल्या १७ घरांना नीट टाक्या नाहीत. काही ठिकाणी नुसता दगडी खड्डा आहे, तळ उघडा. त्यांच्या विहिरीचे पाणी आम्ही तपासायला दिले, अहवाल "पिण्यास अयोग्य" असा आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शंभर मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय चालत नाही. विहिरीवर आता फक्त भांडी आणि कपडे होतात. तिथे चार-पाच घरांत मिळून एक अशा पक्क्या टाक्या बांधाव्या लागतील, गाडीची नळी पोहोचेल अशा जागी. काम या टाक्यांपासून आणि खालच्या पाइपापासून सुरू व्हावे, आणि वरच्या आळीची जोडणी सर्वांत शेवटी. आधी वरचे पाणी पाइपात घातले आणि खालचे काम पैसे संपले म्हणून अडले, तर ते वर्षानुवर्षे अडलेलेच राहील. असली घोंगडी कशी भिजत पडतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता वर्गणी. पाड्यातली घरे सोसायटीची सभासद नाहीत, मग त्यांचा खर्च आपण का करायचा, हा दुसरा प्रश्न. खालच्या फाटकावरच्या दिव्याचे बिल आपण सगळे भरतो, माझ्या घरातून तो दिवा दिसतही नाही. पण मला त्याहून साधे उत्तर द्यायचे आहे. आपण तीस वर्षे पूर्ण प्रक्रियेचा खर्च केला नाही. तो खर्च पाड्यातल्या लोकांनी केला, ओले जोते, वास आणि विहीर गमावून. त्यांची जोडणी आपल्या वर्गणीतून व्हावी आणि रोजच्या देखभालीसाठी त्यांनी झेपेल तेवढे द्यावे, किती ते त्यांच्याशी बसून ठरवू. सभासद नसलेल्यांशी करार करायचा असल्याने उपनिबंधक कार्यालयाचा आणि वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल, तो घेऊ.

बांधकामाच्या रकमेची चर्चा खूप झाली, देखभालीची जवळजवळ नाही. निवळलेल्या पाण्याच्या या पद्धतीला एकच मोठा धोका आहे. एका घराने टाकी उपसली नाही तर गाळ सामायिक पाइपात येतो आणि खालचा पाइप तुंबतो. म्हणून उपसा घरमालकावर सोडता येणार नाही. जोडणी झाल्यापासून सगळ्या टाक्या सोसायटीच्या देखभालीत घ्याव्यात, दरवर्षी एक तृतीयांश टाक्या ठरलेल्या महिन्यात उपसाव्यात आणि गाडीने गाळ कुठल्या प्रक्रिया केंद्रात रिकामा केला त्याची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रात्री नाल्यात गाडी रिकामी करणारे असतात, ते आपल्या पैशांनी व्हायला नको. पाण्याची तपासणी दर महिन्याला करावी आणि अहवाल दोन फलकांवर लावावा, एक सोसायटीच्या कार्यालयाबाहेर, एक पाड्याच्या चौकात. यंत्रे आणि पाइप बदलण्यासाठी वेगळा निधी पहिल्या महिन्यापासून बाजूला काढावा, वार्षिक सभेत दर वेळी मागत बसू नये.

वेळेचेही सांगतो. पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही आणि मिळाली तरी घेऊ नये. हा पावसाळा पाहणीसाठी वापरू. कुठल्या टाकीत पाणी बाहेरून शिरते, कुठल्या जोत्याला पाझर फुटतो, हे जुलैतच दिसते. दिवाळीपर्यंत सर्वेक्षण, आराखडा आणि परवानगीचे अर्ज. दिवाळीनंतर खोदाई, खालून वर. मृग लागायच्या आत चर बुजून रस्ता पूर्ववत झाला पाहिजे. एवढ्यात सगळे होणार नसेल तर काम दोन हंगामांत विभागू, पण पाड्याचा भाग पहिल्या हंगामात.

टाक्या पक्क्या आहेत की झिरपतात हे तपासायची सोपी रीत आहे. उपसा झाल्यावर टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत पाण्याने भरायची, वरूनच काठी घालून पाणी कुठवर आले तिथे काठीवर खडूने रेघ मारायची, चोवीस तास संडास वापरायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घालून रेघ पाहायची. त्या एका दिवसासाठी शेजाऱ्याकडे सोय करावी लागेल, माझ्या घरी कुणाचीही होईल. हवा जाण्याचा जो उभा पाइप आहे त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधून घ्या. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. जाळी वीस-तीस रुपयांची.

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता आपण वरच्या फाटकापासून एकेक झाकण उघडून पाहणार आहोत. ज्यांची संमती आहे त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत मला कळवावे. पाड्यातले चार जण सोबत असतील, वेगळ्या निमंत्रणाची वाट पाहू नका असे मी त्यांना सांगितले आहे. पहिले झाकण माझ्या घरचे. काठी आणि पंचा मी आणतो, मोजपट्टी आणि वही कुणीतरी आणावी. पायात गमबूट घाला, झाकणाजवळ सिगारेट-बिडी नको आणि झाकण परत बसेपर्यंत लहान मुलांना घरात ठेवा.

आपला शेजारी,
वरच्या आळीतला एक सभासद

प्रत : पाड्यातील सर्व ग्रामस्थ